खेमसिंगच्या नावचं गवत

रुपीबाईनं पोरीच्या हातातला कागद घेतला आणि आधी उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. दोन यत्ता शिकलेल्या बाईला छापील अक्षर फारसं लागत नसे. पण सरकार मागच्या बाजूला काय लिहितं, यावर तिचं आयुष्यभर लक्ष होतं.

"मागं काही नाही आजी," पोरगी म्हणाली. तिचं नाव वैष्णवी. यवतमाळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची.

"नाही म्हणजे मंग भरायले जागा ठेवली. जंगल खात्याची आहेस का?"

"नाही हो. तीस साली लोकांनी सरकारी जंगलात शिरून गवत कापलं होतं, इंग्रजांचा कायदा मोडला होता. जेलात गेले. त्यांची नावं शोधून राह्यलो आम्ही. ग्रामपंचायतीपुढं दगड बसणार आहे नावांचा." तिनं यादीवर बोट ठेवलं. "तुमच्या तांड्यातलं एकच नाव आहे. खेमसिंग. तीन महिने कैद. माहीत आहे कोणी?"

"या नावाचा माणूस इथं झालाच नाही."

सरळ खोटं होतं. खेमसिंगचं घर पलीकडच्या ओळीत होतं आणि त्याचा नातू उत्तमसिंग या घटकेला अंगणात तूर पाखडत असणार. पण त्याहून मोठं एक खरं रुपीबाईच्या पोटात होतं. गवत खेमसिंगनं कापलंच नव्हतं. कापलं होतं तिच्या सासऱ्यानं, बादलनं. त्या सकाळी लोक झेंडे घेऊन जंगलात शिरले, बादल विळा घेऊन शिरला. त्याचे बैल उपाशी होते. धरल्यावर शिपायानं नाव विचारलं. शिपायाला आपलं नाव सांगायचं नाही, ही तेव्हाची तांड्याची रीत. तोंडाला येईल ते सांगून मोकळं व्हायचं. बादलचं त्या दिवसांत खेमसिंगशी एका गोऱ्ह्यावरून वाकडं होतं. तेच नाव तोंडाला आलं.

होळीच्या दिवशी दार लावून सासरा ही गोष्ट घरच्यांना सांगे. सगळे हसत. सून होऊन आल्यावर रुपीबाईही पदराआड हसली होती.

"दगडावर कोरून नाव?" तिनं विचारलं.

"हो. आणि घरच्यांचा सत्कार."

रुपीबाई उठली, पदर खोचला. "चाल माह्यासंगं. अन् कागद तुह्याच हातात ठेव, कोणाले देऊ नको."

वाटेनं तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. सत्काराचं उत्तमसिंगला आधीच कळलेलं दिसतं. कालपासून त्याच्या दोरीवर पांढरा सदरा वाळतो आहे, तो काही उगाच नाही.

उत्तमसिंगनं सूप खाली ठेवलं. "या काकी. आज इकडं?"

"सदरा कोणासाठी धुतला रे?"

"मौतीले गेलतो, लोहाऱ्याले."

"बरं. आता ऐक. तुह्या आज्यानं गवत कापलं नाही. माह्या सासऱ्यानं कापलं, जेल त्यानं भोगली, अन् शिपायाले नाव सांगितलं तुह्या आज्याचं. दगडावर बादल पाहिजे. या पोरीले तसं सांग."

"दोघांनी लिहून दिलं तर नाव बदलता येईल," वैष्णवी म्हणाली आणि वही उघडून चार ओळी लिहू लागली.

रुपीबाई भांडणाच्या तयारीनं आली होती. उत्तमसिंगनं यादीकडं नुसतं पाहिलं, हात लावला नाही.

"काढून टाका आमचं नाव. कुठं सही करू?"

"एवढ्यात कबूल? काहून? काय लपवून राह्यला?"

"लपवतो कायले, काकी. तुम्ही नाही पाह्यलं का? कुठं चोरी झाली की पोलीस आधी आमच्या दारी. खेमसिंग, जुना कैदी. कोणाची म्हैस गेली, खेमसिंग. कापसाच्या बोऱ्या गेल्या, खेमसिंग. माह्या बापाच्या लग्नातून उचलून नेलं आज्याले." त्याचा आवाज चढला नाही. "आपलं नाव वहीत गेलं कसं, हे म्हाताऱ्याले मरेपर्यंत समजलं नाही. आम्ही समजलो, केलं असंल काही तरण्यापणी. आता तुम्ही सांगून राह्यल्या."

त्यानं वैष्णवीकडून पेन घेऊन सही केली आणि पुन्हा सुपाशी बसला.

रुपीबाईनं पाहिलं होतं. नवी नवरी होती ती. पाण्याला जाताना दोन शिपाई आणि मधे खेमसिंग, पागोटं काखेत. अशा वेळी सासरा अंगणातली बाज सोडून आत जाई आणि दाराआड बसे. ऊन लागतं म्हणून, असं ती समजत आली होती. पावसाळ्यातही तो आतच जाई.

वैष्णवीनं वही पुढं केली. "आता तुमची सही, आजी."

"काय लिहिलं, वाच."

"गवत खेमसिंग यांनी नव्हे, तर बादल यांनी..."

"खोड ते."

"पण आजी, तुम्हीच तर..."

"मले विचारायले आलीस ना? दगडावर खेमसिंगच ठेव. तीन महिने मात्र लिहू नको."

"मग किती लिहू?"

रुपीबाईनं उत्तमसिंगकडं बोट दाखवलं. "त्याले विचार. पोलीस त्याच्या आज्याले कधीपासून नेत होते अन् कधीपर्यंत."

उत्तमसिंगचा हात तुरीत थांबला. त्यानं तिच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. "काकी, यात तुमचं काय आहे?"

ती त्याच्या ओट्याच्या कडेला टेकली, वर सरकून बसली नाही.

"सालं काही आठवत नाही मले," तो म्हणाला.

"आठव," रुपीबाई म्हणाली. "मी बसते."