धुतलेला शर्ट

मिशनच्या वृद्धाश्रमात सेवेसाठी येऊन तिला तिसराच दिवस होता, आणि या परमुलखात कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून तिचे हात नुसते शिवशिवत होते. तिची भाषा एका सिस्टरखेरीज कुणाला कळत नव्हती. प्रार्थनेत "आमेन" तेवढं सगळ्यांबरोबर म्हणता यायचं. घरी स्वतःचा रुमालही न धुणारी ही पोरगी इथे सकाळपासून चादरींचे ढीग उपसत होती. आईने पाहिलं असतं तर कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली असती.

खिडकीजवळच्या आजींच्या उशीखाली तिला एक मळका पुरुषी शर्ट सापडला. कॉलर पार काळी पडलेली. इतके दिवस कुणाचं लक्ष कसं गेलं नाही, असं पुटपुटत तिने तो भिजवला, ब्रशने घासला आणि वाळल्यावर इस्त्री करून मोठ्या कौतुकाने आजींच्या मांडीवर ठेवला.

आजींनी शर्ट नाकाशी नेला. पुन्हा एकदा नेला. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

"त्यांच्या मुलाचा आहे," सिस्टर हळूच म्हणाल्या. "तो गेला त्या दिवशी हाच अंगात होता. चार वर्षं आम्ही कुणी हात लावला नाही. चूक माझीच, तुला आधी सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी गरिबांना वाटायच्या कपड्यांची पेटी लावायचं काम तिच्याकडे आलं. सगळ्यात वर तोच शर्ट होता, इस्त्रीची घडीही न मोडलेला. आजींनी स्वतः चालत येऊन तो देऊन टाकला होता.