दुपारी रुसणारी लिफ्ट

“ताई, काही बोलतेय का ती?” मेकॅनिकनं पुन्हा विचारलं.

गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत सून लिफ्टच्या बोर्डाला जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. लिफ्ट चालवणाऱ्या बोर्डांचे प्रोग्रॅम लिहिणं हीच तिची नोकरी. पण तिच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट भर दुपारी बंद पडायची आणि संध्याकाळी मेकॅनिक आला की शहाण्या मुलासारखी चालायची. एकदा सासूबाई आत अडकल्या आणि त्यांनी धसकाच घेतला. खाली उतरणं, बाकावर मैत्रिणीशी गप्पा, सगळं बंद. खिडकीतून तिला हात हलवायच्या, तेवढंच. म्हणून आज सुनेनं रजा टाकून मेकॅनिकला मुद्दाम दुपारी बोलावलं होतं.

“ऑपरेटिंग सिस्टीम म्हणते, सगळं ठीक आहे,” ती म्हणाली. “पण आपण लिफ्टचंच विचारतोय. बोर्डावरच्या प्रोसेसरच्या पोटातलं वेगळं विचारावं लागतं.”

तिनं त्या जातीच्या प्रोसेसरपुरतीच असलेली आज्ञा टाइप केली. पडद्यावर त्याचं तापमान उमटलं.

“अगं बाई! ह्याला तर सणसणून ताप भरलाय. जळू नये म्हणून आपणहून बंद पडतोय बिचारा!”

मेकॅनिकनं बोर्डाच्या पेटीचं झाकण उघडलं. आतल्या पंख्यात कबुतराची पिसं गच्च अडकली होती.

“घ्या! ऊन उतरलं की हा गार, आणि मी यायचो तेव्हाच. ह्या कबुतरांनी संसार थाटला आणि शिव्या मी खाल्ल्या!”

पिसं निघाली, पंखा भिरभिरला, आकडा उतरू लागला. दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

सून घरात शिरली. “आई, चला. मी येते बरोबर.”

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “नक्की कळलं ना, काय होत होतं ते?”

“लिफ्टनं स्वतःच सांगितलं.”

“मग विचारायला एवढे दिवस का लावलेस गं?”

सुनेला हसू आवरेना. “चुकलंच, आई.”

सासूबाईंनी केस सारखे केले, चपला घातल्या. लिफ्टचं दार उघडलं. दारात क्षणभर त्यांचं पाऊल अडखळलं. सून पुढे झाली, तशी त्यांनी हातानंच तिला थोपवलं.

“तू राहू दे. मी एकटी जाते.”

दार मिटलं. सून जिन्यावरून धावत सुटली. ती धापा टाकत खाली पोचली, तेव्हा सासूबाई अंगण ओलांडून निघालेल्या होत्या, मागे न बघता. पलीकडे बाकावरून कोणीतरी काठी टेकत घाईघाईनं उठत होतं.