शिवकन्याच्या बैलांजवळ

“दोन गेले, नाना. इंग्रजी आन् अर्थशास्त्र,” शिवकन्या म्हणाली आणि निकालाचा कागद तिनं माझ्या टेबलावर ठेवला. वडवणीच्या नेट कॅफेतून ती सरळ छावणीवरच आली होती. कागद ठेवला आणि बैलांना वैरण टाकायला गेली.

खोटं कशाला बोलू, बारावीत नापास झालेल्या पोरीचं तोंड बघून माणसाला आधी वाईट वाटायला पाहिजे. मला आधी वाटलं, बरं झालं.

आदल्या साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या आणि उन्हाळा लागताच आमच्या दूध संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. संस्थेचा सचिव मी, राधाकिशन, म्हणजे छावणीचा कारकूनही मीच. सातशे चाळीस जनावरं. कुणाच्या दावणीला किती, कुणाला वैरण किती, पेंड किती, माजलगावकडून उसाचे ट्रक किती आले, सगळं रोज रजिस्टरात गेलं पाहिजे. लिहून लिहून माझी बोटं सुजली होती. आणि शिवकन्याचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे.

ती परत आल्यावर मी म्हणालो, “रडू नको. उद्यापासून माझ्याकडं रजिस्टर लिव्ह. संस्थेचं मानूस म्हणून लावून घेतो. छावणी उठली की दूध केंद्रावर बसशील. शिकून तरी लोक काय दिवे लावायलेत?”

ती रडत नव्हतीच. म्हणाली, “ऑक्टोबरला परत बसावं म्हणत होते. बारावी झाल्याबिगर नर्सिंगला घेत न्हाईत. वडवणीला एक सर नापासांची शिकवणी घेतेत. अकरा ते दोन.”

“आन् बैलं?”

इथंच सगळं अडत होतं. छावणीचा नियम होता, जनावरांजवळ घरचं एक माणूस हजर पाहिजे. तपासणी यायची ती नेमकी दुपारी. नाव पुकारल्यावर ‘हाय’ म्हणणारं कुणी नसलं की नावावर काट आणि वैरण बंद. गावातला उत्तरेश्वर एक दिवस वडवणीच्या बाजाराला गेला आणि तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. पुढच्या आठवड्यात त्याच बाजारात त्यानं आपली जोडी विकली. शिवकन्याचे आईबाप पुण्याकडं बांधकामावर गेलेले. इथं ती आणि दोन बैल, बस.

तिनं माझ्याच फोनवरून बापाला विचारलं. आसाराम म्हणाला, “तुझ्या मनाला यील ते कर. पण बैलं जाऊ दिऊ नको, बाई. पाऊस पडल्यावर पेरायचं कशानं?” म्हणजे मनासारखं करायला त्यानं काही शिल्लकच ठेवलं नाही. तिनं माझ्याकडून दोन दिवस मागून घेतले. मी म्हटलं, घे की. मनात म्हटलं, जातेस कुठं.

शिवकन्याच्या शेजारच्या दावणीला भिवराबाई एकच गाय घेऊन बसायची. सत्तरीची बाई, तोंडानं भारी फटकळ. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली.

“कावून रे राधाकिशन, तुला लिवणारी पायजे म्हणून पोरीला हितंच डांबून ठेवतूस काय?”

“मी कुठं डांबतोय, मावशी? काम देतोय. लोक पाया पडतेत कामासाठी.”

“मग त्यांना दे की. हिच्याच मागं कावून लागलास?”

“हिचं अक्षर चांगलं हाय.”

“आरं, मग जिचं अक्षर चांगलं तिलाच शिकवतेत ना? का माझ्यासारखीला धाडतूस कॉलेजात?”

मी चिडलो. “मावशी, तुमची गाय सुटली बघा,” म्हणालो. गाय काही सुटलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी शिवकन्या आली. नजर खाली. “सोमवारपासून येते, नाना.”

“शहाणी हायेस,” मी म्हणालो. टेबलाशेजारी दुसरी खुर्चीही मांडून ठेवली.

सोमवारी अकरा वाजले, बारा वाजले, खुर्ची रिकामीच. मी मनातल्या मनात शिव्या घालत लिहीत होतो. साडेबाराला सरकारी जीप आली. साहेब रजिस्टर घेऊन दावणी फिरायला लागले आणि मी त्यांच्या मागं मागं.

“शिवकन्या आसाराम. दोन बैल.”

बैलांजवळ भिवराबाई उभी होती. “हाय,” ती म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही शिवकन्या?”

“हाय की.”

“इथं वय अठरा लिहिलंय.”

“दुष्काळानं आसं झालंय,” भिवराबाई म्हणाली.

आजूबाजूचे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुढचं नाव वाचलं. “भिवराबाई त्रिंबक. एक गाय.”

शेजारच्या दावणीला गाय एकटीच उभी होती. आता कुठं म्हातारीच्या ध्यानात आलं की एका माणसाला दोन नावांना ‘हाय’ म्हणता येत नाही. पोरीला शिकवणीला धाडायच्या नादात तिनं हा हिशेबच केला नव्हता. साहेबांनी नाव दुसऱ्यांदा वाचलं. तिनं एकदा गाईकडं पाहिलं, एकदा बैलांकडं पाहिलं, आणि ती बैलांजवळून हलली नाही.

“सचिव, काय चाललंय हे? ती मुलगी कुठं आहे?”

नुसतं खरं सांगून बाजूला व्हायचं, एवढंच माझं काम होतं. तेवढं केलं असतं की बैलांच्या नावावर काट, बैल बाजारात आणि पोरगी मुकाट माझ्या खुर्चीवर. नियम माझ्या बाजूनं, साहेब माझ्या बाजूनं. पण एका गाईवर दिवस काढणारी बाई ती गाय गमवायला तयार होऊन उभी होती, आणि मी पोरीला अडवत होतो कशासाठी, तर माझी बोटं दुखतात म्हणून. मला माझीच फार लाज वाटली.

“साहेब, भिवराबाई ती हीच,” मी म्हणालो. “पोरगी वडवणीला शिकवणीला गेलीय. बारावीचे दोन विषय राहिलेत तिचे. बैलांजवळ माझं नाव लिवा.”

“तुमचं? तुम्ही सचिव आहात.”

“आकरा ते चार मी बसतो. तिचे आईबाप गावात न्हाईत. जिम्मेदारी माझी.”

साहेबांनी पेन काढलं. मग त्यांनी शेरा लिहिला आणि त्याखाली माझी सही घेतली. “मी पुन्हा येईन. तुम्ही खुर्चीवर नाही, इथं दिसला पाहिजेत.”

“हितंच दिसंन.”

एव्हाना भिवराबाई आपल्या गाईजवळ जाऊन पोचली होती. तिथून म्हणाली, “हाय.” साहेबांनी तेही लिहून घेतलं.

चारच्या एसटीनं शिवकन्या उतरली. फाट्यावरच कुणीतरी सगळं सांगितलं असणार, कारण ती जवळजवळ पळतच आली. मी दोन बैलांच्या मधे पालथ्या घमेल्यावर बसलो होतो, मांडीवर रजिस्टर आणि पायजम्याला गुडघ्यापर्यंत शेण.

“चुकलं, नाना. मावशी म्हनली, म्हणून गेलते. उद्यापासून न्हाई जात.”

“डावीकडचा मारका हाय, ते आधी सांगायचं असतं,” मी म्हणालो. “दोघांनी पाणी पेलंय.”

ती माझ्यापुढं खाली बसली. रजिस्टर तिनं उलटं वाचलं. अडीचशे नावं लिहायची राहिली होती आणि माझी बोटं मिटत नव्हती, हे तिला दिसलंच. तिनं हात पुढं केला. “द्या, बाकीचं मी लिवते.”

देवाशपथ, द्यावंसं वाटलं. मी रजिस्टर छातीशी ओढलं.

“ह्याला हात लावायचा न्हाई. तू तुझं पुस्तक काढ.”

तिनं हात मागं घेतला. मग पदरासारखी खांद्यावर घेतलेली ओढणी डोळ्यांना लावली, पिशवीतून इंग्रजीचं पुस्तक काढलं आणि तोंडातल्या तोंडात वाचायला लागली.

“मोठ्यानं वाच गं,” भिवराबाई पलीकडून म्हणाली. “माझी गाय जात होती त्याच्यापायी. काय हाय त्यात, ते मला बी ऐकू दे.”

शिवकन्या मोठ्यानं वाचू लागली. एका शब्दाला अडखळली, थांबली, आणि वाक्य परत पहिल्यापासून वाचू लागली. मी पुढचं नाव लिहायला घेतलं.