स्क्रमची पलीकडची बाजू

"क्राउच! बाइंड! सेट!"

पंचांच्या या हुकमासरशी आठ मुली इकडून, आठ तिकडून, खांद्याला खांदा देऊन भिडल्या आणि दुसऱ्याच क्षणी अख्खा स्क्रम चिखलात कोसळला. चष्मेवाल्यांनी शिट्टी फुंकली. प्रेक्षकांतून लगेच आवाज आला, "ओ चष्मेवाले, दुकानातला एखादा चष्मा स्वतःलाही लावा की!"

हा विनोद ते सव्वीस वर्षं ऐकत होते. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी रग्बीचे पंच म्हणून मैदानात उतरायचं, म्हटल्यावर लोक दुसरं काय ओरडणार? आज मात्र तो आवाजही त्यांना हवाहवासा वाटला. पंचांसाठीची वयाची अट त्यांना लागू झाली होती. ही शेवटची मॅच.

त्यांची नजर सारखी फाटकाकडे जात होती. सकाळी बायको म्हणाली होती, "कळवलंय मी तिला. येते म्हणाली नाही, पण नाही असंही म्हणाली नाही." एवढ्याशा आशेवर चष्मेवाले तासभर धावले होते.

ती म्हणजे त्यांची लेक. चार वर्षांपूर्वी ती याच मैदानावर स्क्रमच्या पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला खेळायची. एका सामन्याला नेमलेले पंच तापाने आडवे झाले आणि दोन्ही कप्तान यांच्याकडे आल्या. "लेकीच्या मॅचला मी नको," असे आढेवेढे घेऊन शेवटी हे उभे राहिले. खेळ संपत आला होता. चेंडू लेकीच्या संघाचा, गोलरेषा पाच मीटरवर. स्क्रम कोसळला. स्क्रम कोसळला की तो कुणी पाडला हे पंचाने तिथल्या तिथे ठरवायचं असतं. चष्मेवाले तिच्याच बाजूला उभे होते. त्यांना तिचं कोपर जमिनीला टेकलेलं दिसलं; जिचं कोपर टेकलं तिनेच स्क्रम पाडला, असं सहसा धरतात. खरं सांगायचं तर पोटच्या पोरीला पाठीशी घातलं असं कुणी म्हणेल, ही धास्ती त्या कोपराच्याही आधी मनात होती. त्यांनी तिच्याविरुद्ध पेनल्टी दिली आणि तिच्या संघाच्या हातचा सामना गेला.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबा, स्क्रम पलीकडून खेचला. तुम्ही तिकडे बघितलंच नाहीत."

"मॅच संपल्यावर पंच निर्णय बदलत नसतो," ते म्हणाले. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे त्यात काही चुकीचं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. तिचे फोन येतात ते आईला. "बाबांचा गुडघा कसा आहे?" हेही ती आईलाच विचारते. दुकानात एखादी रुंद खांद्यांची मुलगी आली, की चष्मेवाले तिचा नंबर उगाच दोनदा तपासतात. लेकीची आठवण त्यांना कधीही येते, भर गिऱ्हाइकातसुद्धा.

आणि आज, खेळ संपता संपता, पुन्हा तेच. गोलरेषा जवळ, स्क्रम पडलेला, त्यांच्या बाजूच्या मुलीचं कोपर चिखलात. शिट्टी ओठांत होती, हात अर्धा वर गेला होता. त्यांनी तो खाली घेतला.

"स्क्रम पुन्हा लावा," ते म्हणाले आणि वळसा घालून पलीकडे निघाले.

"सर, चेंडू इकडून टाकायचाय!" चेंडू हातात धरलेली मुलगी ओरडली.

"टाक तू. मी इथून बघतो."

क्राउच. बाइंड. सेट. पलीकडच्या टोकाला समोरच्या संघाच्या मुलीने जर्सी पाठीवर धरायची ती बाहीवर धरली आणि सगळा भार टाकून खाली ओढली. स्क्रम तिथून कोसळला. ती ओढ लाटेसारखी अलीकडच्या टोकापर्यंत गेली आणि तिकडच्या त्याच मुलीचं कोपर पुन्हा जमिनीला टेकलं. बिचारीचा काही दोष नव्हता. चष्मेवाल्यांनी शिट्टी फुंकली आणि योग्य बाजूला हात वर केला. मग पुन्हा एकदा फाटकाकडे पाहिलं.

फाटकातून शेवटपर्यंत कुणी आलं नाही.

संध्याकाळी ते घरात शिरले तेव्हा बायको फोनवर बोलत होती. त्यांना बघून तिने फोन पुढे केला. "अहो, ती विचारतेय मॅच कशी झाली. तुम्हीच सांगा."

त्यांनी चिखलाचे हात सदऱ्याला पुसले. चार वर्षं मनात घोळवलेलं सगळं ऐन वेळी कुठे गेलं कोण जाणे.

"आज स्क्रमच्या पलीकडे जाऊन बघितलं," ते म्हणाले.

लेकीचा आवाज आला, "कुणाची चूक होती?"

"पलीकडच्या मुलीची."

"आणि तेव्हा?"

"तेव्हा मी बघितलंच नाही, बाळा. माझं चुकलं."

तिकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "आईला द्या फोन," ती म्हणाली.

त्यांनी फोन दिला. बायको हळू आवाजात बोलू लागली, "हो... हो गं... जेवलीस का?" चष्मेवाले बूट न काढता तिच्या शेजारीच उभे राहिले. तिथून लेकीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, तरी ते हलले नाहीत.