कुरकुर सोडलेली बंगई

मी एक जुनी बंगई आहे. कुणी मला झोपाळा म्हणतं. म्हणोत बापडे, आमच्या हिवरखेडात मी बंगईच. अस्सल सागाची फळी, चार लोखंडी साखळ्या आणि ओसरीच्या छताला ठोकलेल्या जाडजूड कड्या, असं माझं अंग आहे. पार्बताबाई लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिच्या नवऱ्याने मला हौसेने घडवून घेतलं. घर भाजीच्या मळेवाल्यांचं. माझ्यावर बसून वालाच्या शेंगा निवडल्या, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधल्या, लेकरं निजवली. चाळीस वर्षं मी रिकामी अशी राहिलेच नाही.

मित्रांनो, मला गर्व होता तो माझ्या आवाजाचा. कुर्रर, कूं. कुर्रर, कूं. रस्त्याने जाणारा ओळखायचा की पार्बताबाई घरात आहे. एकदा तिचा लेक कुंदन तेलाची बाटली घेऊन आला, तर तिने त्याला उभ्या उभ्या परत पाठवलं.

"तेल नको टाकू, बाप्पा. बंगई बोलते तं घर बोलते."

मी अशी फुगले म्हणता!

मग कुंदन आणि त्याची बायको रागिणी यांना मुलगी झाली, मैना. रागिणीने तिला मांडीवर घेऊन पहिला झोका दिला, तशी ती पोर किंचाळली. मुठी आवळल्या, अंग ताठ केलं. पुढेही तेच. चालायला लागल्यावर तर मी हलले की मैना कान झाकून मागच्या दारी पळायची. मिक्सर लागला की पळायची, कुकरची शिट्टी झाली की पळायची. नवा फ्रॉक घातला की अंगावरून ओरबाडून काढायची. केस विंचरायला तिघं लागायची. पण मला काय त्याचं? सारं गाव माझ्या आवाजाचं कौतुक करतं आणि ही एवढीशी पोर नाक मुरडते म्हणून मी तिच्यावर रुसून बसले. खरं सांगते, मला ती मुळीच आवडायची नाही.

घरातल्यांनी त्यांच्या परीने सगळं केलं. पार्बताबाईने मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. तेल्हाऱ्याच्या डॉक्टरने कान तपासून चांगले असल्याचं सांगितलं. शेजारणींचं औषध सोपं होतं, "दोन धपाटे द्या, सरळ होईन." रागिणी संध्याकाळी माझ्यावर येऊन नुसती बसायची आणि पाय जमिनीला टेकवून ठेवायची, म्हणजे मी हलू नये.

मैना पहिलीत गेली त्या साली महालक्ष्म्यांचा सण आला. आमच्याकडे महालक्ष्म्यांना सोळा भाज्यांचा नैवेद्य असतो, आणि मळेवाल्यांच्या घरी सोळातली एक जरी कमी पडली तर गावात नाक कापलं जातं. त्यामुळे त्या दिवशी घरात कढया, पाहुणे, लाऊडस्पीकर आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका यांची एकच गर्दी उसळली होती. मैनाच्या अंगावर जरीचा परकर होता. तिच्या शाळेच्या दामिनी मॅडम जेवायला आल्या होत्या. पार्बताबाईच्या मनात आलं, आज देवी घरात आहे, आज पोरीची भीती मोडेल. तिने मैनाला उचललं आणि माझ्यावर बसलेल्या मॅडमच्या मांडीवर ठेवलं.

"धरा मॅडम, घट्ट धरा. एकडाव सवय झाली की झालं."

मॅडमनी प्रेमानेच धरलं आणि झोका दिला. मीही सणाच्या उत्साहात मोठ्यांदा कुरकुरले. मैना ओरडली, तडफडली, आणि मॅडमच्या हाताला कडकडून चावली.

रक्त आलं. दामिनी मॅडम हात धरून उठल्या आणि रागिणीला म्हणाल्या, "ताई, उद्या ही दुसऱ्या लेकराला चावली तर मी काय उत्तर देऊ? आधी इलाज करा, मग शाळेत आणा."

त्या दिवसापासून मैनाची शाळा सुटली. कुंदन म्हणाला, "राहू दे घरी." रागिणीने मात्र पदर खोचला. पोरीची शाळा अशी जाऊ द्यायची नाही, एवढं तिने धरून ठेवलं. तिने तेल्हाऱ्याच्या त्याच डॉक्टरचं दार पुन्हा तीनदा ठोठावलं. तिसऱ्या वेळी त्याने अकोल्यातल्या एका केंद्राची चिठ्ठी दिली. तिथे दीक्षाताई म्हणून एक बाई अशा लेकरांची थेरपी करतात, असं कळलं.

मी काही अकोल्याला गेले नाही. पण त्या दिवशी एसटीतून उतरून रागिणी थेट माझ्यावर येऊन बसली आणि सासूला सांगू लागली. मैना तिच्या खांद्यावर झोपली होती, फ्रॉक उलटा घातलेला.

"आत्याबाई, त्यायनं पहिलं काय इचारलं माहीत हाय? फ्रॉक उलटा कावून घातला म्हणून. मी म्हटलं, शिवण टोचते तिले. तं त्या म्हणाल्या, हे तुमाले कोणी शिकवलं? म्हटलं, कोणीच नाई. त्या म्हणे, आई, अर्धं काम तुमी आधीच केलं." एवढं बोलून रागिणी रडायला लागली. सहा वर्षांत तिला कुणी चांगली आई म्हटलं नव्हतं.

मग तिने बाकीचं सांगितलं. मैना हट्टी नाही. तुम्हाआम्हाला जो आवाज साधा वाटतो, तो तिला आतवर लागतो. कापडाची शिवण, अचानक धरलेला हात, सगळंच जास्त लागतं. दर पंधरवड्याला अकोल्याला जायचं, आणि घरीही काही करायचं. दीक्षाताईंनी विचारलं होतं, घरात झोका आहे का?

"म्हटलं हाय, पण तिले त्याचा धाक हाय. तं त्या म्हणाल्या, झोक्याचा की त्याच्या आवाजाचा?"

पार्बताबाईने माझ्या साखळीवरून हात फिरवला आणि हाक मारली, "कुंदन, मोटरचं ग्रीस आण."

मित्रांनो, त्या संध्याकाळी माझा आवाज गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षांची ओळख एका बोटभर ग्रीसमध्ये बुडाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैना दारातून डोकावली. कुणी तिला बोलावलं नाही, दीक्षाताईंनी तसंच बजावलं होतं. तिने एका बोटाने मला ढकललं. मी गेले, आले, गुपचूप. तिने पुन्हा ढकललं. मग ती पोटावर आडवी झाली, गाल माझ्या लाकडाला टेकवला आणि पायाने हळूहळू झोके घेऊ लागली. तिचं ते ताठलेलं अंग सैल पडत गेलेलं मला कळलं. दाराआड उभ्या असलेल्या पार्बताबाईने पदर तोंडाशी धरला होता.

दिवाळीनंतर रागिणी दीक्षाताईंचं पत्र घेऊन शाळेत गेली. आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी दामिनी मॅडम स्वतःच घरी आल्या. मैना माझ्यावर पडली होती. मॅडम दोन हात लांब थांबल्या.

"मैना, मी इथं बसू?"

मैनाने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिने पाय आखडून जागा केली आणि म्हणाली, "हळू."

मॅडम हळू बसल्या. मग रागिणीकडे वळून म्हणाल्या, "सोमवारी पाठवा. हिची जागा घंटेपासून लांब करते. कपडे उलटे असले तरी चालतील. चुकलं माझं, विचारायला पायजे होतं."

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी कान झाकून बसत असेल, शर्टाची कॉलर सारखी ओढत असेल, तर त्याला नाटकी म्हणू नका. तुला काय टोचतंय, असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. माझा झोका सगळ्यांनाच मानवेल असंही नाही. ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. मी विचारलं नाही. सहा वर्षं मी त्या लेकरावर रुसून राहिले. तिला मात्र मला माफ करायला एक दुपार पुरली.