‘उपचार चालू आहेत’

दर जूनमध्ये कारखान्याची आरोग्यतपासणी झाली की ओनुकींच्या घरी लिफाफा यायचा. माकिओ ओनुकी जपानातल्या ओदावारा गावी कामाबोको कारखान्यात मुकादम. कामाबोको म्हणजे माशांच्या वड्या; त्या करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण सात वर्षं आतड्यांतल्या व्रणांनी बेजार होता आणि त्याबद्दल चारचौघांत बोलायची त्याला मेली भारी लाज! त्यामुळे लिफाफ्यातला उत्तराचा अर्ज भरायचा तो बायकोने, तोमिएने. त्यावर ‘रक्त कमी, पुन्हा तपासा’ असा शेरा असायचा. रक्त जातं ते आतड्यातून, हे दोघांनाही पाठ. ती ‘उपचार चालू आहेत’ या चौकटीत खूण करायची, की कारखान्याच्या नर्सबाईंचा तगादा बंद. तीन वर्षं हेच चाललं.

आज कारखान्याकडून आलेले ते तिन्ही अर्ज मोठ्या इस्पितळात डॉक्टर शिनागावांच्या टेबलावर होते. समोर माकिओ आणि तोमिए बसले होते.

“रक्त वाहून कमी झालं तर तांबड्या पेशी लहान होतात,” डॉक्टर म्हणाले. “यांच्या दर वर्षी मोठ्याच होत गेल्यात. हाडांत रक्त तयार करणारी अस्थिमज्जाच बिघडलीय. ते व्रणही बहुतेक त्यातूनच आलेत.”

“म्हणजे पोटाचा आजार नाहीच?” माकिओने विचारलं.

“पोटाचाही आहे. मूळ हाडांत आहे. आता दुसऱ्याची मज्जा घालावी लागेल. भाऊ आहे?”

“आहे एक. भांडखोर आहे, पण देईल.”

“जुळायला हवी. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर सवडीने केलं असतं. आता दोन महिन्यांत व्हायला हवं.” डॉक्टरांनी अर्जांवर बोट आपटलं. “ही खूण कुणी केली?”

तोमिए बोलायला पुढे सरकली.

“मीच केली,” माकिओ म्हणाला. “कटकट नको म्हणून.”

खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, ते आत्ताही झाले. तोमिएला त्याचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

“कमाल आहे तुमची!” डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा कोरा अर्ज तोमिएपुढे सरकवला, वर पेन ठेवलं. “बाई, यापुढे यांच्यावर विसंबू नका. सगळे कागद तुम्हीच भरत जा.”

तिने पेन उचललं नाही.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “मीच भरत होते.”