काटा साठवर

दुसरी नोटीस आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद ठकीला झाला.

"हत्ती! आई, माझा हत्ती!"

नोटिशीबरोबर फोटो होता. साठच्या रस्त्यावर अठ्ठ्याहत्तरने धावणारी आमची जुनी लाल गाडी, आणि मागच्या सीटवर, ठकीच्या छोट्या खुर्चीत पट्टा लावून ऐटीत बसलेला तिचा कापडी हत्ती. पाळणाघरात घरची खेळणी चालत नाहीत. म्हणून ठकी रोज उतरताना त्याला आपल्या जागी बसवते. "आईला सोबत," म्हणते.

"मी का नाही फोटोत?"

"तू पाळणाघरात होतीस."

"मग हत्तीला का काढलं?"

"हत्तीला नाही गं, आईला काढलं."

"आई तर दिसतच नाही!"

खरं होतं. समोरून ऊन येत होतं म्हणून मी वरची फळी खाली ओढली होती, आणि तिच्यामागे माझा चेहरा नेमका झाकला गेला होता. हा मुद्दा सासूबाईंनी अचूक उचलला.

"तोंड दिसत नाही ना? मग माझं नाव कळव."

आमच्याकडे नोटीस आली की गाडी कोण चालवत होतं ते कळवावं लागतं. एकाच माणसाच्या नावावर तीन झाल्या की परवाना सहा महिने बंद. माझ्या नावावर एक होती, ही दुसरी. सासूबाईंच्या परवान्यावर मात्र डाग नव्हता, कारण त्यांनी तो तरुणपणी काढला, पहिल्याच आठवड्यात गाडी शेजाऱ्यांच्या फाटकात घातली आणि त्यानंतर आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून फक्त सूचना दिल्या.

"आई, तुम्हाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

"असेना. परवाना शाबूत आहे. नुसता पडून काय करायचाय? तुझ्या उपयोगी पडला तर पुण्यच."

"खोटं होईल ते."

"सगळे करतात गं. नाहीतर हत्तीच्या नावावर कर, दिसतोय तरी बिचारा."

हे रात्रपाळीहून आठला घरी येतात, तोवर मी गेलेली असते. आमचा संसार बराचसा फ्रिजच्या दारावरच्या चिठ्ठ्यांवर चालतो. दुसऱ्या दिवशी तिथे यांचीही चिठ्ठी होती: 'आई म्हणतेय तसं कर. उगाच तत्त्वं नकोत.'

मी खाली माझंच नाव लिहून नोटीस परत पाठवली.

रोज सकाळी उठल्यावर माझे दोन नेम असतात. दिवसभर खोटं बोलायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही. शिवाय गाडी सुरू करण्याआधी क्षणभर डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं. पण गेले कित्येक महिने त्या क्षणात मी काय मागत होते? 'देवा, आज वळणावरचा कॅमेरा बंद असू दे.' फोटो हातात धरल्यावर मला त्याची लाज वाटली. मी देवाला पहाऱ्यावर बसवून चोरी करत होते. त्या रात्री मी तिसरा नेम धरला. काटा साठच्या वर न्यायचा नाही.

"आणि कामावर उशीर झाला म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"होईल."

"नोकरी जाईल."

"परवाना गेला तरी नोकरी जाणारच आहे, आई. पाळणाघर उघडायच्या आधीच तिकडची बस निघून जाते."

सासूबाईंनी माझ्याकडे धुरकट डोळ्यांनी बराच वेळ पाहिलं. "दिसायला गरीब," त्या म्हणाल्या, "पण आहेस महा हट्टी."

मी काम करते तिथे इस्पितळांच्या चादरी धुतल्या जातात. माझं काम इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर. ओलसर चादरीचे दोन कोपरे एका बाईने धरायचे, दोन दुसरीने, एकदम ताणायचे आणि एकदम रोलरच्या तोंडात द्यायचे. एकटीने दिली तर चादर तिरकी जाते, गुंडाळते आणि मग रोलर थंड होईपर्यंत कुणाला हात घालता येत नाही. माझी जोडीदारीण म्हणजे आमची तोफ. ती कधी बोलायची थांबली तर मशीन बंद पडलं असं वाटतं. तिचा मुलगाही ठकीच्याच पाळणाघरात.

पाळणाघर सातला उघडतं. त्याआधी एक मिनिटही नाही. कामावरची बेल साडेसातला. बेल झाली की फाटक बंद, मग पहारेकरी काकांना उशिराचं कारण सांगायचं, अर्ध्या दिवसाचा पगार कापून घ्यायचा आणि मगच आत जायचं. मधला रस्ता साठने गेलं तर पस्तीस मिनिटांचा. म्हणजे आम्ही सगळ्या आया रोज सकाळी कायदा मोडूनच कामावर पोहोचत होतो, आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. तोफ नव्वदने जायची. तिच्या गाडीच्या नंबरप्लेटवर बारा महिने चिखल असायचा. कडक उन्हाळ्यातसुद्धा.

पहिल्या दिवशी फाटकाशी पोहोचले तेव्हा बेल होऊन गेली होती.

"कारण?" पहारेकरी काकांनी विचारलं. "वाहतूक सांगू ना?"

"नाही काका. रस्ता मोकळा होता. साठची मर्यादा आहे, मी साठने आले."

काकांनी चष्मा काढून पुसला. "असं कारण आजवर कुणी दिलं नाही हो, ताई."

आत तोफ रोलरसमोर हात कमरेवर ठेवून उभी होती. तिला दुसरी जोडीदारीण मिळाली नव्हती. "या महाराणी! पालखी उशिरा निघाली वाटतं?"

"साठने आले."

"साठने? अगं, साठने माझी आजीसुद्धा जात नव्हती! तू पुण्य कमव खुशाल, पण माझा रोलर का थंड पाडतेस?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेबांच्या टेबलावर दोन घड्याळं आहेत, एक स्वतःकडे तोंड करून आणि एक समोरच्या माणसाकडे. तोफ त्यांना सेकंदसाहेब म्हणते.

"तीन दिवस उशीर, बाई. आणि कारण म्हणे वेगमर्यादा. हे काय चालवलंय?"

"खरं आहे ते, साहेब."

"खरं असेल, पण हे काही कारण नाही. दुसरं द्या. गाडी बिघडली म्हणा, मूल आजारी होतं म्हणा. मी समजून घेईन."

"गाडी चांगली आहे. मूलही."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बाकीच्या बायका त्याच पाळणाघरातून येतात, वेळेत येतात. तुम्हालाच कसं जमत नाही? कुठेतरी वेळ काढता तुम्ही. सोमवारी वेळेत आला नाहीत तर मंगळवारी येऊ नका."

माझा आवाज लहान आहे. तो ऐकायचा तर समोरच्याला आधी गप्प बसावं लागतं. मी ते गप्प होईपर्यंत थांबले.

"साहेब, सोमवारी तुम्ही पाळणाघराशी या. माझी गाडी तुम्ही चालवा. साठच्या आत राहून बेलच्या आधी फाटकातून आत आलात तर मी त्याच दिवशी काम सोडते. तुम्हाला सांगावंही लागणार नाही."

"आणि नाही आलो तर?"

"पाळणाघराची वेळ माझ्या हातात नाही. रस्ता आखूड करणं कुणाच्याच हातात नाही. बेल मात्र तुमच्या हातात आहे. ती पंधरा मिनिटं पुढे न्या. संध्याकाळी पंधरा मिनिटं जास्त थांबू आम्ही, पाळणाघर तेव्हा उघडंच असतं."

साहेब हसले. खूप दिवसांनी फुकट काही मिळाल्यासारखे. "ठरलं," म्हणाले.

रविवारी घरी कळलं तेव्हा हे एकदम उठून उभे राहिले. "पैज लावलीस? तू? नोकरीवर?"

"पैज नाही. मी फक्त खरं काय ते दाखवणार आहे."

"आणि तो गडी पोहोचला म्हणजे?"

"मग मीच खोटी ठरेन. खोटं ठरल्यावर तिथे राहायचं कशाला?"

यांनी कपाळावर हात मारला. सासूबाई मात्र म्हणाल्या, "अरे, जाऊ दे तिला. हिचं काही चुकलं तर मी परत गाडी शिकेन." मग यांनासुद्धा हसू आलं.

सोमवारी साहेब सातच्या आधीच आले होते. पाळणाघराच्या बंद दारासमोर आम्ही आया पोरांना कडेवर घेऊन उभ्या होतो, त्यात ते मध्येच, बॅग छातीशी धरून. एका पोराने त्यांच्या पँटला नाक पुसलं. दार सातला उघडलं. ठकीने आधी हत्तीला पट्टा लावला, त्याला दोनदा बजावलं, मग साहेबांना विचारलं, "तुम्हाला गाडी येते का?"

"येते."

"हत्तीला जोरात गेलेलं आवडत नाही."

ती आत गेली. बूट काढणं, पिशवी टांगणं, गळ्याला एक मिठी. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "एवढा वेळ लागतो?"

"आज ती रडली नाही," मी म्हटलं.

साहेब गाडी चांगली चालवतात. पुलापर्यंत काटा साठवर एकदम स्थिर. मी शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. मनात नाव चालू होतं, पण या वेळी काही मागत नव्हते. मागे तोफेची गाडी होती. तिने दोनदा भोंगा वाजवला, मग माझ्या जागेवर कुणाचं डोकं दिसतंय ते तिला कळलं असावं, कारण भोंगा एकदम थांबला.

पुलानंतर साहेबांनी मनगटाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला तो ओळखीचा वाटला. रोज सकाळी मीही तसाच पुसत असे. काटा पासष्टवर गेला. सत्तरवर. पुढच्या वळणावर कॅमेरा होता. तिसरी नोटीस, आणि तीही माझ्या घरी.

"साहेब," मी म्हटलं.

"अं? रस्ता रिकामा आहे. एवढ्याने काही होत नाही."

"गाडी माझी आहे. नोटीस माझ्याकडे येईल. कोण चालवत होतं ते विचारतील." मी पुढच्या वळणाकडे बोट दाखवलं. "मी खोटं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वळणाच्या अलीकडे त्यांचा पाय उचललेला मला दिसला. काटा खाली आला, साठवर येऊन थांबला, आणि कॅमेऱ्याखालून आम्ही निमूट पुढे गेलो.

बेल होऊन गेली होती. फाटक बंद. काका खिडकीशी आले, साहेबांना चालकाच्या जागेवर पाहून गोंधळले, पण नियम तो नियम.

"साहेब, उशिराचं... म्हणजे, कारण सांगावं लागतं."

साहेबांनी घसा साफ केला. "वाहतूक."

"रस्ता मोकळा होता," मी हळूच म्हटलं.

मागे तोफ गाडीतून उतरून आली होती. तिच्यामागे आणखी तिघी. पहिल्यांदाच त्या सगळ्या माझ्यामागून आल्या होत्या, आणि पहिल्यांदाच तोफ काही बोलत नव्हती. साहेबांनी आरशात त्यांना पाहिलं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून ते म्हणाले, "साठ सांगा. साठने आलो."

"सगळ्यांचंच तेच का?" काकांनी विचारलं.

"सगळ्यांचंच!" तोफ धडाडली. आत रोलरवरच्या बायकांनासुद्धा ऐकू गेलं म्हणतात.

बेल पुढे सरकली. लगेच नाही. साहेबांनी वरच्यांना विचारण्यात आठवडा लावला, आणि 'तूर्तास' असा शब्द घालून पंधरा मिनिटं दिली. मला दाराजवळच्या वाऱ्यातल्या रोलरवरून हलवून भट्टीच्या बाजूच्या रोलरवर टाकलं, जिथे उन्हाळ्यात श्वास घेववत नाही. कारण दिलं नाही. तोफ न सांगता माझ्यामागे तिथे आली. "तुझे कोपरे दुसरीला धरता येत नाहीत," म्हणाली. "तू कशी मुळूमुळू ओढतेस, ते मलाच कळतं." तिच्या नंबरप्लेटवरचा चिखल धुतलेला मी त्याच आठवड्यात पाहिला.

तूर्तास म्हणजे केव्हाही काढून घेतील. घेऊ देत. मी पुन्हा साठने येईन आणि फाटकाशी उभी राहून पुन्हा तेच कारण सांगेन, रोज, लहान आवाजात.

ठकी मात्र माझ्यावर नाराज आहे. टपाल आलं की धावत जाते, पाकिटं उलटीपालटी करते.

"हत्तीचा नवा फोटो?"

"नाही आला."

"मग कधी येणार?"

"आता नाही यायचा, राणी."

"तू हळू चालवतेस म्हणून," ती फुरंगटून म्हणते.

आज सकाळीही मागे एक मोठी गाडी अगदी चिकटून आली. दिवे चमकवले, भोंगा वाजवला, आतल्या माणसाने हातही उडवले. मागच्या खुर्चीत हत्ती पट्टा लावून बसला होता. मी आरशात त्या दोघांकडेही पाहिलं, आणि काट्याकडे पाहिलं.

तो जिथे होता तिथेच होता.